गोधडीच्या मागच्या बाजूला

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गोधड्या धरल्या. दुसरं काही नाही. एका बांबूला गोधडी लावायची, बांबूचं एक टोक मी धरायचं, एक तिनं, आणि समोर लेक मोबाईल घेऊन फोटो काढणार. अशा अकरा गोधड्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको गेली.

मी चौथी शिकलेला माणूस. कर्जत तालुक्यात आमची कोरडवाहू जमीन, पाणी असलं तर कांदा, नाहीतर ज्वारी. लिहायची सवय नाही. पण जे झालं ते सरळ सांगायची सवय आहे, निदान होती. या एका गोष्टीत मी सरळ वागलो नाही, म्हणून लिहितोय.

लेक नगरला सावेडीत राहते, शाळेत शिकवते. तिच्याबरोबरच्या एका बाईनं खेड्यातल्या बायकांच्या हातकामाची वेबसाईट काढली होती. त्यावर आईच्या गोधड्या टाकायच्या असं लेकीच्या मनानं घेतलं. एका रविवारी सकाळच्या गाडीनं आली आणि आल्या आल्या म्हणाली, "आई, सगळ्या गोधड्या बाहेर काढ."

"माझ्या गोधड्या कोन बगतंय गं?" बायको म्हणाली. "त्यात तुझ्या बापाचं धोतर हाय. पुन्याच्या बाया धोतर बगून पळून जातील."

"पळू दे," मी म्हणलं, "तुलाच तेवढं आवडलं हुतं."

"आवडलं कुटं? बांधून घातलं हुतं गळ्यात."

अशी ती बोलायची. तोंडानं माझ्यापेक्षा वरचढ, पण फोटोचं नाव काढलं की पदर तोंडावर. लग्नातला फोटो आमचा नाही. आधारकार्डावर एक आहे, तो पाहिला तर मीच विचारलं असतं, ही कोण बाई. त्यामुळं "गोधडीचा फोटो काढायचा, तुझा नाही" असं लेकीनं तिला दोनदा सांगितलं, तेव्हा ती उठली.

पुढच्या अंगणात तार आहे, पण तिथं ऊन. लेक म्हणाली, उन्हात रंग जळतात, एका बाजूला पांढरं फटक येतं आणि घडीच्या सावल्या पडतात. सावली पाहिजे, पण उजेडाची. तशी सावली घराच्या मागच्या बाजूला होती, आणि तिथं तार नाही, झाड नाही, नुसती भिंत.

"दादा," लेक मला म्हणाली, बापाला ती दादाच म्हणते, "भिंतीत दोन खिळे मारा, त्यावर बांबू ठेवू."

मी म्हणलं, "गिलावा करून चार महिने झाले न्हाईत. खिळा मारला का पोपडा निघतो."

बायको म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. ह्यांचा गिलावा जपू. आमी धरतो दोगं."

तर असा बांबू आमच्या हातात आला. गोधडीची वरची कड बांबूवरून दुमडायची, चार पिना लावायच्या, आणि उचलून डोक्याच्या उंचीला धरायची. आम्ही दोघं बुटके, त्यामुळं गोधडी आडवी. समोरून बघणाऱ्याला मधे गोधडी, वर दोन टोकांना बोटं, खाली दोन माणसांचे पाय. लेकीनं सांगितलं, बोटं मागं घ्या. मागं घेतली तर बांबू निसटायचा. मग म्हणाली, राहू द्या, नंतर कापता येतात.

गोधडीच्या मागं उभं राहिलं की जग बंद होतं. डांबरगोळीचा वास, आणि पातळ झालेल्या कापडातून येणारा रंगीत उजेड तोंडावर. लेकीचा नुसता आवाज येई. "हलू नका. हललं की टाके पुसतात. अजून एक. दादा, खाली झालं. अजून एक." ती प्रत्येक गोधडीचे तीन-चार काढायची, मोठं करून बघायची, टाके दिसले नाहीत की पुन्हा. आईच्या हातची चिकाटी तिच्यात उतरलेली. गोधडी म्हणजे काही रुमाल नाही. आमच्या जुन्या गोधड्यांत चार-चार लुगडी आहेत. बांबूसकट वजन धरून उभं राहायचं.

आठव्या गोधडीला बायको हळूच म्हणाली, "अवो, हा डावा हात लई भरून आलाय. खांद्यापास्नं."

मी काय म्हणलो ते शब्दाला शब्द सांगतो. "शिवताना महिना-महिना भरत न्हाई, अन धरताना भरला व्हय? सरळ धर. तिकडं वाकडं दिसतंय."

ती म्हणाली, "बरं. पोरीला नका सांगू. तिला येकच सुट्टी हाय."

त्यानंतर तीन गोधड्या तिनं धरल्या.

मग चहा झाला, जेवण झालं. लेक तीनच्या गाडीनं नगरला गेली. संध्याकाळी बायकोनं गोधड्यांच्या घड्या घातल्या, मी ट्रंकेत ठेवल्या. हाताचं ती काही बोलली नाही, मी विचारलं नाही. सकाळी ती उठली, चूल पेटवली, भिंतीला टेकून बसली. मी म्हैस बाहेर बांधून आलो तरी तशीच बसलेली. शेजारच्याची जीप काढून दवाखान्यात नेलं, पण रस्त्यातच संपलं होतं. लेक नगरहून धावत आली, तिच्यासमोर डॉक्टरांनी विचारलं, "कालपरवा काही त्रास? छातीत, खांद्यात, हातात?"

मी म्हणलं, "न्हाई."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. तिथून पुढं मी सगळ्यांना तेच सांगत गेलो. एकाएकी गेली. लेकीला तेच, तिच्या माहेरच्यांना तेच. लोक म्हणायचे, पुण्यवान बाई, हाल नाहीत झाले. मी मान हलवायचो.

महिना उलटल्यावर लेकीचा फोन आला. "दादा, तुम्ही इकडं या थोडे दिवस. आईचे फोटो वेबसाईटवर टाकायचेत." आईचे फोटो म्हणाली, गोधड्यांचे नाही म्हणाली. "कुठलं कापड मूळ कसं होतं ते तुम्हालाच माहीत. रंग तुम्ही सांगायचे." मी दोन गोधड्या गोणीत भरल्या आणि एसटीनं नगर, तिथून रिक्षानं सावेडी.

फोटो मी आधी पाहिले होते. त्या रविवारी रात्रीच लेकीनं माझ्या मोबाईलवर आणि त्या वेबसाईटवाल्या बाईला व्हाट्सअॅपनं पाठवले होते. माझ्या मोबाईलवर गोधडी म्हणजे पाण्यावरचं शेवाळ. टाका दिसेना. बायकोचा धावदोरा असा होता की मोजून घ्यावा, मुंगीमागं मुंगी, आणि इथं सगळं सारवून टाकलेलं. वेबसाईटवाल्या बाईनंही कळवलं, हे चालणार नाही.

लेकीनं मला समजावलं. व्हाट्सअॅप पाठवताना फोटो दाबून लहान करतं. तिच्या मोबाईलमधला मूळ फोटो चांगला मोठा आहे, तो 'डॉक्युमेंट' करून पाठवला की जसाच्या तसा जातो. आणि एकच फोटो उघडून, बदलून, पुन्हापुन्हा जतन केला की दर खेपेला थोडा झिजतो.

"म्हंजे सातबाऱ्याच्या झेरॉक्सची झेरॉक्स," मी म्हणलं.

"हां. तसंच."

"मग मूळ कागुद कुनाला द्यायचाच न्हाई."

"नाहीच द्यायचा. मुळाची एक नक्कल काढायची, जे काय करायचं ते नकलेवर करायचं."

तिनं लॅपटॉपवर दोन कप्पे केले. एकाला नाव दिलं 'मूळ', दुसऱ्याला 'वेब'. मुळातल्याला हात लावायचा नाही, असं मी तिच्याकडून वदवून घेतलं. मी जमिनीच्या कागदांत एकदा पोळलेला माणूस आहे.

मग आम्ही रंगाला बसलो. शाळा सुटून ती आली की चार-साडेचारला सुरू करायचं, दिवाणखान्याच्या खिडकीशी. मी गोधडी मांडीवर घ्यायचो, ती लॅपटॉप. मी कापडावर बोट ठेवायचं, तिनं पडद्यावर. सावलीतला फोटो म्हणून सगळ्यावर निळी झाक आली होती. ती म्हणाली, ह्यात पांढरं कुठलं ते दाखवा, म्हणजे मशीन त्यावरून बाकीचे रंग लावून घेतं. मी बोट ठेवलं धोतरावर. धोतर पांढरं, आणखी काय. तिनं तिथं टिचकी मारली तर सगळी गोधडी आणखीच निळी झाली, आणि खणाचा लाल तुकडा जांभळट.

"असा न्हाई गं हा लाल."

"मग तुमचं धोतर पांढरं नसणार, दादा."

मी मांडीवरचा तुकडा खिडकीशी धरला. खरंच नव्हता पांढरा. चाळीस वर्षं आमच्या रानातली माती आणि विहिरीचं पाणी पिऊन तो ताकासारखा पिवळसर झालेला. रोज अंगावर घालून मला कधी दिसलं नाही. बायकोला दिसत असणार, कारण तिनं त्याच्या शेजारी लेकीच्या शाळेच्या सदऱ्याचा तुकडा लावला होता. तो पांढरा होता. त्यावर टिचकी मारली आणि लाल जागेवर आला, इरकली लुगड्याची पट्टी हिरवी झाली.

लेकीनं पडद्यावरच्या त्या तुकड्यावरून बोट फिरवलं. मग लेक म्हणाली, "माझा सदरा ह्यात आहे हे मला माहीत नव्हतं."

"तुझं तर बाळूतंबी हाय. त्या तिसरीत."

"दादा!"

"ते टाकू नको वेबसाईटीवर. बाळूतं हाय असं लिहू नको."

त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली.

आकाराचंही असंच झालं. वेबसाईटवर मूळ फोटो जसाच्या तसा टाकला तर उघडायला वेळ लागतो. मी विचारलं, आमच्या वाडीवर मोबाईलला रेंजची एकच दांडी असते, तिथं उघडेल का? ती म्हणाली, तेवढ्यासाठीच लहान करायचा. पण फार लहान केला की पुन्हा शेवाळ. मग तिनं एकाच गोधडीच्या चार नकला चार मापांत काढल्या आणि माझ्या मोबाईलवर दाखवल्या. मी चष्मा लावून सांगायचं, हा टाका दिसतो, हा दिसत नाही. लहान केल्यावर फोटो थोडा मऊ पडतो, त्याला जरा धार लावावी लागते. ती धार तिनं एकदा जास्त लावली तर दोऱ्याच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या रेघा उठल्या, चुना ओढल्यासारख्या.

मी म्हणलं, "मार्केटात कांद्याच्या गोणीचं तोंड सजवत्यात, वर निवडक अन खाली बारीक गोल्टी. तसं वाटतंय. कमी कर."

तिनं कमी केली. मला या कामात गोडी वाटायला लागली होती हे कबूल करतो. बायको गेल्यापासून कुणी मला काही विचारलं नव्हतं. जेवा, झोपा, गोळी घ्या, एवढंच. इथं लेक विचारत होती, हे बरोबर आहे का.

तिसऱ्या दिवशी धार बघायला तिनं एक फोटो खूप मोठा केला आणि सरकवता सरकवता पडद्याच्या उजव्या कडेला बोटं आली.

"थांब. मागं घे."

चार बोटं, बांबूवर वळलेली. पहिल्या बोटाला सुईनं झालेला घट्टा, त्यात गेलेली काळी चीर. तांब्याचं वेढं. मागं बांगडीचा हिरवा काठ. नखावरची पांढरी रेघसुद्धा. मग लेकीनं न सांगता फोटो खाली सरकवला. पाय. टाचांच्या भेगा, जोडव्यांची झीज, डाव्या पायाचा अंगठा जरा वर उचललेला. ती कंटाळली की अंगठा असा उचलायची. मला ते इतक्या वर्षांत कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, पण पाहिल्याबरोबर कळलं.

आधारकार्डावर नव्हती ती बाई इथं होती.

लेकीनं नाक ओढलं, ओढणीनं डोळे पुसले आणि कामाला लागली. फोटोवर एक चौकट आली. चौकटीत नुसती गोधडी. बोटं बाहेर, पाय बाहेर.

"हे काय करतीस?"

"कापायचं, दादा. गोधडी दिसली पाहिजे ना."

"बोटं कापायची न्हाईत."

"लोकांना काय करायचीत बोटं?"

"लोकास्नी करायची नसत्याल. म्या सांगतोय न्हाई कापायची."

"अहो, नकलेवर कापतेय. मुळात आहेत ती."

"मूळ कोन बगनार? पेटीत ठेवलेलं मूळ अन पुरलेलं मानूस, येकच."

असं मी बोलायला नको होतं. ती म्हणाली, "तुम्हाला एकट्यालाच दुःख झालंय का?" आणि लॅपटॉप मिटला. त्या दिवशी काम बंद.

दुसरा दिवस रविवार होता. सकाळची कामं उरकल्यावर तीच येऊन बसली. म्हणाली, "भांडण नको. आधी सगळे सरळ करून घेऊ, कापायचं मग ठरवू." काही फोटोंत बांबू तिरका होता. मशीनमध्ये फोटो फिरवून सरळ करता येतो. तिला वाटत होतं की मोबाईल तिच्याच हातात कलला असेल. किती कलला ते कळावं म्हणून तिनं एकेका गोधडीचा एक असे अकराच्या अकरा फोटो लहान करून पडद्यावर एका खाली एक लावले.

मी समोरच बसलो होतो. मला ती बोलायच्या आधी दिसलं. सहापर्यंत बांबू आडवा. सातव्याला उजवं टोक जरासं खाली. आठव्याला आणखी. नवव्या-दहाव्याला तर नुसत्या डोळ्यांनी दिसावं एवढं. अकराव्याला गोधडीचं खालचं टोक तिच्या पायावर आलेलं.

लेक एकेक फोटो बघत खाली गेली. मग तिनं पडद्यावर बोट ठेवलं, खाली, जोत्याच्या रेघेवर. घराचं जोतं प्रत्येक फोटोत मागं दिसत होतं.

"दादा, जोतं सरळ आहे."

मी चष्मा काढून पुसायला लागलो.

"सगळ्यांत सरळ आहे. म्हणजे मोबाईल कलला नव्हता. आई बांबू खाली आणत होती." ती माझ्याकडं वळली नाही. "हात दुखत होता का तिचा?"

खोटं तोंडात तयार होतं. म्हणणार होतो, काठी जड होती, म्हातारी बाई, दमली असेल. महिनाभर जे सगळ्यांना सांगितलं त्याला ते जुळलंही असतं. पण लेक स्वतःशीच बोलायला लागली. "मी अजून एक म्हणत होते. अजून एक, अजून एक. एकेका गोधडीचे चार-चार काढले. मी बघितलंच नाही मागं जाऊन."

तेव्हा मला कळलं की मी गप्प बसलो तर हे तिच्यावर बसणार. जन्मभर बसणार. माझं ओझं मी तिच्या डोक्यावर देत होतो, आणि तेसुद्धा बापाच्या मायेनं देतोय असं स्वतःला सांगत होतो.

मी म्हणलं, "दुखत हुता. मला म्हनली ती. आठव्याला. डावा हात, खांद्यापास्नं."

"तुम्हाला म्हणाली?"

"व्हय. अन मी दटावलं तिला. सरळ धर म्हनलं."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"ती नको म्हनली. तुला येकच सुट्टी हाय म्हनली."

"नंतर का नाही सांगितलं, दादा? दवाखान्यात? मी डॉक्टरांसमोर उभी होते, तुम्ही म्हणालात काही त्रास नव्हता."

"खोटं बोललो."

"का?"

लाज वाटली. खिळा मारला नाही, हात धरला नाही, विचारलं नाही, हे चार माणसांत कसं सांगायचं. मी एवढंच म्हणलं, "तोंड झालं न्हाई."

ती उठून आत गेली. दार आपटलं नाही, नुसतं लावून घेतलं. मी पडद्यासमोर बसून राहिलो. थोड्या वेळानं पडदा आपोआप काळा झाला, आणि मला तो पुन्हा लावता येईना. मी कुठलंच बटण दाबलं नाही, काही पुसलं जाईल या भीतीनं.

ऊन उतरल्यावर ती बाहेर आली. डोळे सुजलेले. माझ्याशेजारी बसली, पण हातभर लांब. विचारलं, "आता काय करायचं? वाकडेच टाकायचे का?"

मी दुपारभर तोच विचार करत होतो. आदल्या दिवशी मीच ओरडत होतो की एक बोट कापायचं नाही. पण बायको शिवायला बसली की कड कडेला लावून चारदा बघायची. एकदा पाहुण्यांकडं दिलेली गोधडी एका कोपऱ्याला सुतभर तिरकी आहे हे तिला नंतर आठवलं, तर ती मागून आणून उसवली होती. तिची गोधडी सगळ्या जगाला वाकडी दाखवायची, ती का, तर मला माझी चूक तिथं बघायची आहे म्हणून.

मी म्हणलं, "सरळ कर. तिला वाकडं चाललं नसतं."

"आणि बोटं?"

"कापायची तर काप. फकस्त वेबमधली. मुळातली ऱ्हाऊ दे."

तिनं एकेक फोटो फिरवला. फोटो फिरवला की त्याचे कोपरे चौकटीबाहेर जातात, ते सोडावे लागतात. प्रत्येक वेळी बोटं हळूच कडेच्या बाहेर जायची. मी सगळे अकरा बघितले. एकाही वेळी मान फिरवली नाही. मग तिनं माप लहान केलं, एकदाच, आणि धार लावली, थोडीच. मूळ फोटो तिनं दोन पेनड्राइव्हवर घेतले, एक तिच्या कपाटात ठेवला, एक माझ्या हातात दिला. हातात देताना माझ्याकडं बघितलं नाही.

रात्रीच्या जेवणाआधी फोटो वेबसाईटवर चढले. खाली आईचं नाव, गावाचं नाव. माझ्या मोबाईलवर उघडून बघितलं. टाके दिसत होते. लाल लाल होता. सरळ, चौकोनी, कोपऱ्याला कोपरा. कुणी धरलंय असं वाटतही नव्हतं, जशी काही गोधडी हवेत आपली आपण उभी आहे. जेवताना जावई आमच्या दोघांकडं बघत राहिला.

सकाळी उठून मी पिशवी भरली. दोन सदरे, टॉवेल, चष्म्याचं घर. साडेआठची गाडी धरायची होती. लेक मला माफ करील असं मला वाटत नव्हतं, आणि तिनं करावं असं मी म्हणतही नव्हतो. मंद आचेवर चहा ठेवून ती समोर येऊन बसली. शाळेची साडी नेसलेली नव्हती.

"शाळा?"

"फोन केला. आज नाही जात." तिनं लॅपटॉप उघडला आणि 'मूळ'चा कप्पा काढला. पहिला फोटो पडदाभर मोठा केला. "काल तुम्ही आठव्याचं सांगितलंत. बाकीच्यांच्या वेळी काय बोलत होता तुम्ही दोघं? मला नुसती कुजबुज यायची. सगळं सांगा. गाळायचं काही नाही."

मी पिशवी खाली ठेवली आणि सांगायला लागलो.

पहिल्याला ती म्हणाली होती, तुमच्या मिशीला गोधडीचं सूत लागलंय, पोरगी हसंल. दुसऱ्याला शेजारणीच्या शेळीचं, तिनं आमची मेथी खाल्ली ते. तिसऱ्याला लेकीच्या बाळूत्याचं. चौथ्याला मी म्हणलो, भूक लागली, तर म्हणाली, उभ्या जन्मात तुमाला दुसरं काय लागलंय? लेक इथं हसली आणि हसता हसता रडली, मी थांबलो नाही. पाचव्या-सहाव्याला जावयाच्या नोकरीचं, ते जसं म्हणाली तसं सांगितलं, त्यात जावयाला टोमणा होता तोही सांगितला. सातव्याला म्हणाली, ही माझी सगळ्यात बारीक टाक्याची, हिला दोन पावसाळे लागले. आठव्याला जे म्हणाली ते, आणि मी जे म्हणलो ते. एक शब्द मऊ केला नाही.

"नवव्याला?" लेकीनं विचारलं.

"नवव्याला कुनीच काय बोललं न्हाई. मी रागात हुतो. दहाव्यालाबी न्हाई."

"आणि शेवटी?"

"शेवटी म्हनली, पोरीचा आवाज बसलाय, तिला गवती चहा करून द्यायला पायजे."

लेकीनं अकरावा फोटो पडदाभर मोठा केला. स्वयंपाकघरात चहा उतू गेल्याचा वास आला, तेव्हा ती उठली. दारातून मागं न बघता विचारलं, "थांबता का आजचा दिवस?"

म्हणलं, "थांबतो."

मग मी पिशवीतून सदरे काढले आणि आतल्या खुंटीला लावले.